औषधाची पाटी

मनुबाईचा नवरा हिरामण दर्याने नेला नाही. तो शिंगाळ्याच्या काट्याने गेला.

जंजिऱ्याच्या नवाबाचं राज्य संपून तो मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला, त्या सालची गोष्ट. दिवेआगरच्या खालच्या अंगाला, डोंगर जिथे दर्यात उतरतो तिथे कोळीवाडा होता. हिरामण जाळ्यातून मासळी सोडवत असताना शिंगाळा माशाचा विषारी काटा त्याच्या तळहातात शिरला. कोळ्याला काटा लागणं म्हणजे सुताराला कुसळ लागणं, त्यात नवल काय? हळद-चुना भरला आणि हिरामण दुसऱ्या दिवशी पुन्हा होडीवर गेला. मग हात सुजला. बायका म्हणाल्या, डॉक्टरला दाखव. हिरामण म्हणाला, "डॉक्टरकडं जायाचं तर आधी पैका कुणाकडं मागायाचा ते सांग." उद्या बघू, परवा बघू असं करता करता कोपरापर्यंत हात काळा पडला. तेव्हा कुठे धावाधाव झाली. होडीतली त्याची निम्मी भागी गहाण पडली, मनुबाईच्या पायातले वाळे आणि हातातली चांदी गेली, आणि दिघीच्या धक्क्यावरून बोटीने त्याला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण वेळ टळून गेली होती. मनुबाई परत आली ती हिरामणचं खमीस काखेत घेऊन.

काट्याने नवरा नेला आणि उपचाराने घर नेलं, असं ती पुढे म्हणायची. रडत म्हणायची नाही. ऊन पडलंय असं सांगावं तशी सांगायची. होडी सुटली नाही. पोरगा सदा तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. मनुबाईने डोक्यावर पाटी घेतली आणि बोर्लीच्या बाजाराची वाट धरली. अंगाने ती काटक होती, आवाज मात्र असा की खाडीच्या या तीरावर बोलली तर त्या तीरावरच्या माणसाने मागे वळून बघावं.

कोळीवाड्यात हिरामणसारखे पुष्कळ गेले. कुणाची बायको बाळंतपणात, कुणाचं पोर हगवणीत. प्रत्येक घरात गोष्ट तीच. आधी पैशासाठी थांबायचं, मग नाइलाज झाला की जे असेल ते विकायचं, आणि विकून झाल्यावर माणूसही जायचं.

एक्कावन्न-बावन्न सालाकडे दिवेआगरच्या आगरात विश्वंभर डॉक्टर आला. तिथलाच मुलगा. घरची नारळ-सुपारीची वाडी, वडील वारलेले, आई गोदावरी. सारं गाव तिला गोदाकाकू म्हणायचं. मुंबईला डॉक्टरी शिकून, तिथेच राहील म्हणता म्हणता तो गावी परतला आणि घराच्या पडवीत त्याने दवाखाना मांडला. एक टेबल, एक कपाट, स्टोव्हवर उकळणारी सुई आणि खिडकीत रंगीत औषधांच्या बाटल्या. आपली बाटली आपण धुऊन न्यायची. डॉक्टर तिच्यात औषध भरून, कात्रीने कातरलेली कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा, म्हणजे एका वेळी किती प्यायचं ते न वाचता येणाऱ्यालाही कळायचं.

माणूस चांगला, पण तोंडाचा तिखट. एकदा कोळीवाड्यातल्या गुणाजीच्या बापाला चौघांनी झोळीत घालून आणलं. सोबत मनुबाई होती. डॉक्टरने म्हाताऱ्याची छाती तपासली आणि तो पडवीतच कडाडला.

"दोन आठवडे काय करत होतात? माणूस पार गेल्यावर आणता माझ्याकडे! मी आता काय करू, रोगाचं नाव सांगू?"

गुणाजी खाली मान घालून उभा. मनुबाई मात्र गप्प बसली नाही.

"डाक्टर, आधी आलो तर तुमचं पैसं, आनि मागनं आलो तर लाकडाचं पैसं. गरीब मानूस म्हनतो, बघू, कदाचित दोन्ही वाचतील."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने स्टोव्हवरची सुई उचलली. म्हातारा त्या खेपेला कसाबसा वाचला, पण गुणाजीचं नवं जाळं विकलं गेलं.

त्याच दिवशी अंगणात गावचा न्हावी आला होता. गोदाकाकूंनी त्याला वर्षाचं भात मापून दिलं, वर दोन नारळ ठेवले. मनुबाई पायरीखाली बसून बघत होती.

"काकू, डाक्टरांची दाढी तर ते सोताच करतात. मंग याला भात कशाचं?"

"अगो, वर्षाचं ठरलेलं असतं ते. काम पडो न पडो. कार्यप्रसंगाला तो लागतोच की. तेव्हा काय घासाघीस करत बसायचं?"

मनुबाई तिथून उठली ती थेट पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"डाक्टर, तुमचं पन असं वर्साचं ठरवलं तर? समदा कोळीवाडा वर्सभर तुमाला वाटा देईल. दुखो न दुखो. आनि ज्याला दुखल त्यानं यायाचं, पयल्या दिवशी यायाचं, पैशाचं नाव न्हाय."

गोदाकाकूंनी ते ऐकलं मात्र! "म्हणजे माझा विशू काय बलुतेदार झाला गो? मुंबईला शिकवला तो याच्यासाठी? आणि देणार काय तुम्ही? मासळी? आमच्या घरात?"

"घरात कशाला काकू? वाडीत. तुमच्या माडांची फळं गळतात म्हनून तुमीच तर कुरकुरता. आमच्या जाळ्यात जी बारीकसारीक येती, जिला कुणी इचारत न्हाय, ती पुरा माडाच्या बुडात. पुढच्या साली बघा."

"शिव शिव! मासळी?"

"माड काय सोवळ्यात असतात व्हय काकू?"

डॉक्टर खो खो हसला. गोदाकाकू पदर नाकाला लावून आत निघून गेल्या; पण माडांची फळं खरंच गळत होती आणि ते त्यांच्या जिवाला लागलेलं होतं. आठ दिवसांनी त्यांनीच निरोप धाडला: पाट्या मागच्या बाजूने आणायच्या, विहिरीजवळून नाही, आणि टाकल्याबरोबर वर माती ओढायची.

असं ते सुरू झालं. कोळीवाड्यातली पंच मंडळी आधी हसली, मग देवळापुढे बसून त्यांनी नारळ फोडला. ठरलं ते साधं होतं. दर पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणानंतर प्रत्येक होडीने एक पाटी बारीक मासळी द्यायची. शिवाय ज्याच्या त्याच्या घरच्या वाळवणातला थोडा सुका जवळा. मासळी डॉक्टरच्या माडांना. जवळा मनुबाईने बोर्लीला विकायचा आणि त्या पैशातून डॉक्टरने मुंबईहून औषधं मागवायची. ज्या घराचा वाटा, त्या घराला दवाखाना मोकळा. गोळा करायचं काम मनुबाईकडे आलं, कारण दुसरं कुणी घेईना. लोक त्याला 'औषधाची पाटी' म्हणू लागले.

पहिल्या वर्षी काय गंमत झाली! सगळा कोळीवाडा एकदम आजारी पडला. ज्यांना जन्मात शिंक आली नव्हती त्यांच्या कमरा धरल्या. खोकल्याचं औषध गोड होतं. बायका ते पोरांना न्याहारीसारखं पाजू लागल्या. पडवीत सकाळपासून माणसांची ही रीघ. डॉक्टर कावला.

"मनुबाई, तुझी ही पाटी मला मारणार! परवा एकजण आला, म्हणे काही होत नाही, पण वाटा भरलाय तर काहीतरी द्या."

मनुबाईने तोड काढली. "औषध कडू करा."

त्या दिवसापासून डॉक्टर खोकल्याच्या औषधात काय घालायचा कोण जाणे, पण पोरं पडवी बघून पळू लागली. रांग ओसरली. मग जी माणसं यायची ती खरी दुखणाईत, आणि वेळेवर यायची. हा फरक कुणी वहीत लिहून ठेवला नाही. पण घरोघरच्या बायकांना तो कळला. पूर्वी कुणाला ताप भरला की घरातली बाई आधी गळ्यातल्या मण्यांना हात लावून बघायची. आता ती बाटली धुवायला घ्यायची.

माडांचं म्हणाल तर तिसऱ्या वर्षी गोदाकाकूंच्या वाडीत असे नारळ धरले की घड वाकले. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायच्या, मात्र कशाने धरले ते कुणी विचारलं तर म्हणायच्या, "देवाची कृपा." मनुबाई कुंपणापलीकडून ओरडायची, "व्हय काकू, देवाची! जरा वास घेऊन बघा देवाचा!" आणि काकू पदराआड हसायच्या. सणावाराला त्या मनुबाईला आवर्जून हाक मारायच्या आणि केळीच्या पानात नारळाच्या वड्या बांधून द्यायच्या. वरून टाकायच्या, हाताला हात न लावता, पण द्यायच्या.

याच सुमाराला सदा मुंबईला गिरणीत लागला. शिमग्याला घरी आला तेव्हा त्याने खिशातून एक कार्ड काढून आईपुढे धरलं.

"ह्ये विम्याचं कार्ड. पगारातनं थोडं थोडं कापतात. आजारी पडलो तर डाक्टर फुकट, औषध फुकट, आनि घरी बसलो तरी निम्म्या पगाराच्या जवळपास मिळतात."

"आनि न्हाय पडलास तर?"

"तर कापलेलं गेलं."

"कुनाकडं गेलं?"

सदाने डोकं खाजवलं. "जो पडला असंल त्याच्याकडं."

मनुबाई समाधानाने मान हलवत राहिली. तिने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "बरी हाय अक्कल तुझ्या सरकारला. यात माझं काय?"

"आईचं न्हाय त्यात. बायकोचं पन न्हाय. फकस्त कामगाराचं."

"मंग तुझं सरकार अजून उंबऱ्यातच उभं हाय. घरात शिरलं की सांग मला."

सगळं असं गोडीगुलाबीत चाललं होतं असं मात्र नाही. अंबाजी तांडेल या साऱ्यात नव्हता. साठीच्या पुढचा, स्वतःची होडी, ताठ कणा, पांढऱ्या मिशा. जन्मात अंथरूण धरलं नव्हतं त्याने. देवळापुढच्या बैठकीत तो उठून म्हणाला होता, "माझ्या घरात कुनी आजारी न्हाय. दुसऱ्याच्या दुखन्याला माझी मासळी का?" आणि तो निघून गेला. त्याचा मुलगा तुकाराम बापापुढे ब्र काढत नसे. तुकारामची बायको केसर. गोरीपान, अबोल, खालच्या मानेची. तिची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. त्यांना डॉक्टर दिसला नव्हता. आता तिसरी, तुळशी, रांगत होती.

एका संध्याकाळी वाळवणाच्या ओट्यावर मनुबाई जवळा गोळा करत असताना केसर आली. इकडेतिकडे बघून तिने ओटी सोडली. ओंजळभर सुका जवळा.

"मनुमावशी, ह्यो माझा वाटा. माज्या तुळशीच्या नावचा. मामंजींना कळू देऊ नको."

"अगो, एवढ्याशा जवळ्यावर..."

"एवढाच चोरता येतो गो मला. पन दर खेपेला आनीन. घेशील ना?"

मनुबाईने तो घेतला. केसरने शब्द पाळला. दर उधाणानंतर, कधी पदरात, कधी घागरीच्या तोंडावर झाकून, ती ओंजळ यायची. तीन वर्षं. दोघींखेरीज कुणाला पत्ता नव्हता.

मग सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात तापाची साथ आली. आधी मुंबईत आली म्हणे, तिथून माणसांबरोबर गावोगाव पोचली. होड्या वर ओढून शाकारलेल्या, दर्या बंद, मासळी बंद, बोटी बंद. वाट्याची पाटी नारळी पुनवेपर्यंत यायची नव्हती, आणि घरटी दोन-दोन माणसं तापाने फणफणलेली. डॉक्टरने वाट्याचं नाव काढलं नाही. छत्री घेऊन, धोतर गुडघ्यावर खोचून तो किनाऱ्याच्या पुळणीतून कोळीवाड्यात यायचा, घरोघर फिरायचा. गोदाकाकूंनी मोठ्या पातेल्यात पेज शिजवून मागच्या दाराने पाठवायला सुरुवात केली. पेजेचं पातेलं कोळ्यांच्या घरी गेलं आणि परत घरात आलं, याबद्दल आगरात कुजबुज झाली. काकू म्हणाल्या, "घासून घेतलंय."

बहुतेकांचा ताप चार दिवसांत उतरला. तुळशीचा उतरेना. पाचव्या दिवशी पोरीचा श्वास भात्यासारखा चालायला लागला. अंबाजी म्हणाला, "उतरंल. पोरांना ताप येतोच." केसरने दोन पाळणे रिकामे झालेले बघितले होते. तिने पोरीला घोंगडीत गुंडाळलं आणि भर पावसात मनुबाईचं दार गाठलं.

"मावशी, माजा वाटा हाय ना गो?"

मनुबाईने इरलं डोक्यावर घेतलं.

पडवी माणसांनी भरलेली होती. डॉक्टरने तुळशीची छाती ऐकली, बरगड्यांवर बोटांनी ठोकून बघितलं. "फुप्फुसाला सूज आहे. पेनिसिलीन द्यावं लागेल, चार-पाच दिवस तरी." तो कपाटाकडे वळला. कपाटात थोड्याच कुप्या उरल्या होत्या, आणि दर्या उघडेपर्यंत नव्या येण्याची आशा नव्हती.

तेवढ्यात गुणाजी उठला. त्याचा म्हातारा बाप पुन्हा तापात होता. "डाक्टर, ही अंबाजी तांडेलाची नात. त्या घराचा वाटा न्हाय. आमच्या पाटीतनं आलेलं औषध तिला? आमच्या मानसांना उद्या लागलं तर?"

त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. मागे दोघा-तिघांनी माना डोलावल्या. डॉक्टर सुई हातात धरून म्हणाला, "मी पोर तशी मरू देणार नाही, गुणाजी. पण औषध तुमचं आहे, हे मला मान्य आहे. मनुबाई, तू सांग."

केसरने मनुबाईकडे बघितलं. मनुबाईला सगळं कळत होतं. खरं सांगावं तर संध्याकाळच्या आत ते अंबाजीच्या कानावर जाणार, आणि सासऱ्याच्या घरातून चोरी केली म्हणून केसर उभी जळणार. न सांगावं तर तुळशी.

"तिचा वाटा भरलाय," मनुबाई म्हणाली. "मी भरलाय. माझ्या जवळ्यातनं."

"तू? का म्हनून?"

"माझी मर्जी."

डॉक्टरने सुई दिली. पण वाटेने परत येताना मनुबाईला लोकांच्या पाठी दिसत होत्या. मर्जी! ज्या बाईवर सगळ्यांनी विश्वासाने पाटी सोपवली, ती मर्जीने वाटा भरते? मग मर्जीने कुणाचा काढतही असेल. ती कुजबुज तिच्या झोपडीच्या कुडातून आत येत राहिली. इतकी वर्षं पाटी वाहून मान दुखली नव्हती तेवढी त्या दिवशी दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजी तिच्या दारात उभा राहिला. मिशांतून पाणी निथळत होतं.

"मनू! बाहेर ये! माज्या घराचा वाटा भरनारी तू कोन? अंबाजी तांडेलानं रांडमुंड बाईची भीक खाल्ली असं उद्या सारा बंदर म्हनंल!"

आजूबाजूची दारं उघडली. गुणाजीही आला. मनुबाई उंबऱ्यात उभी राहिली. त्या आवाजाच्या बाईला शब्द सापडेना, हे लोक पहिल्यांदाच बघत होते.

"तिनं न्हाय भरला." मागून आवाज आला. केसर होती. डोक्यावर पदर, पाय चिखलात, आवाज कापत होता पण थांबत नव्हता. "मी भरला, मामंजी. तीन वर्सं. तुमच्याच घरातनं. दर उधानाला वंजळभर जवळा. मला न्हाय बघवलं तिसरं पोर जाताना."

अंबाजी वळला. सुनेचा एवढा आवाज त्याने लग्न होऊन आल्यापासून ऐकला नव्हता. आता हा हात उगारणार, असं वाटून तुकाराम दोन पावलं पुढे सरला. बापापुढे तो असा सरला, तेही पहिल्यांदाच.

"माज्या घरातनं?" अंबाजी म्हणाला.

"व्हय."

"आनि किती? वंजळभर?"

"व्हय."

म्हाताऱ्याच्या कानशिलाच्या शिरा फुगल्या.

"वंजळभर! तांडेलाच्या घरातनं वंजळभर? लोक पाटी पाटी भरतात आनि माज्या नातीचा वाटा वंजळभर? लाज न्हाय वाटली तुला, पोरी? अंबाजीची अब्रू तू वंजळीत मोजलीस?"

आधी गुणाजीच्या बायकोला हसू फुटलं, मग दुसरीला. अंबाजी कुणाकडे न बघता चालता झाला. थोड्या वेळाने तो पुन्हा आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर सुक्या बोंबलांचं गच्च भरलेलं गोणपाट होतं, पावसाळ्यासाठी घरात राखून ठेवलेलं. मुलाला हात लावू न देता त्याने स्वतः ते मनुबाईच्या दारात आपटलं.

"तीन वर्सांचं. आता कुनी म्हनंल का भीक खाल्ली?"

"न्हाय म्हननार, तांडेल," मनुबाई म्हणाली.

"आनि एक सांगून ठेवतो. मी सोता त्या डाक्टरकडं कधी जायाचा न्हाय."

तुळशी बरी झाली. गुणाजीच्या बापाला औषध लागलंच नाही, तो आपसूक उठून बसला. नारळी पुनवेला होड्या लोटल्या तेव्हा पहिली पाटी अंबाजीच्या होडीतून आली, आणि तिच्यात मुद्दाम दोन मोठे पापलेट टाकलेले होते. ते माडाच्या बुडात पुरायचे की काय, म्हणून मनुबाई हसून हसून खाली बसली. तिने केसरला हाक मारली आणि दोघींनी त्यांचं कालवण केलं. तुळशी केसरच्या मांडीवर, चुलीवर मसाला भाजतोय आणि बाहेर नुकतंच उघडलेलं आभाळ. म्हातारपणी कुणी विचारलं की मनुबाई त्या कालवणाची गोष्ट सांगायची. तशी चव पुन्हा आली नाही म्हणायची.

पुढची पाच-सहा वर्षं पाटीची भरभराटीची. मग दिवस बदलायला लागले. होड्यांना यंत्रं बसली, त्यासाठी सरकारी कर्जं मिळाली. मासळी बर्फात घालून थेट मुंबईला जाऊ लागली. जिला कुणी विचारत नव्हतं त्या बारीक मासळीलाही व्यापारी येऊन भाव देऊ लागले. बोर्लीकडे सरकारी दवाखाना निघाला. कागद काढला की औषध फुकट. तरणी पोरं विचारू लागली, "मंग पाटी कशाला?" त्यांचंही चुकत नव्हतं.

एकदा सदा काविळीने आजारी असल्याचा निरोप आला. मनुबाईने कमरेला गळ्यातले मणी बांधले, एवढंच सोनं तिने इतक्या वर्षांत जमवलं होतं, आणि बोटीने मुंबई गाठली. सदा विम्याच्या इस्पितळात स्वच्छ खाटेवर पडून होता. सून म्हणाली, औषध मिळतंय, रजेचे पैसेही मिळतायत, आणि आता माझं न् पोरांचंही नाव त्यात घातलंय. मनुबाई खाटेशी बसून राहिली. तिचा हात सारखा कमरेच्या गाठीकडे जात होता. कुणी तिच्याकडे काही मागितलं नाही. सदा बरा झाला आणि ती मणी जसेच्या तसे परत घेऊन आली. बोटीवर दिघीचा धक्का दिसायला लागला तेव्हा तिने ते पुन्हा गळ्यात घातले, आणि हिरामणची आठवण येऊन ती कठड्याशी एकटीच रडली.

गोदाकाकू गेल्या. मधल्या वर्षांत डॉक्टरचं लग्न झालं होतं; मुलं आता मोठ्या शाळेत घालायची झाली होती, बायकोचं माहेर पुण्याचं. त्रेसष्ट-चौसष्टच्या सुमाराला डॉक्टरने पडवी बंद करून पुण्याला जायचं ठरवलं. सामान धक्क्यावर गेलं तेव्हा कोळ्यांनी बैलगाडीवाल्याला हात लावू दिला नाही. कपाट गुणाजीने पाठीवर नेलं.

पाटी त्यानंतरही येत राहिली, हे मात्र आक्रीत. डॉक्टर नाही, पडवी नाही, तरी उधाण सरलं की कुणीतरी मनुबाईच्या दारात पाटी ठेवून जायचं. ती ते सुकवून विकायची आणि कुणाला मोठ्या इस्पितळात न्यायचं झालं की बोटीच्या भाड्याला द्यायची. हळूहळू दहाच्या सहा झाल्या, सहाच्या दोन. एका हंगामात एकही आली नाही.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात विश्वंभर डॉक्टर वाडीचं बघायला म्हणून गावी आला होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. चालत चालत तो कोळीवाड्यात आला आणि मनुबाईच्या ओट्यावर बसला. तिने काळा चहा केला. तो प्यायला. त्याची आई असती तर? दोघांच्याही मनात तेच आलं असावं, कारण दोघंही हसली. मग त्याने एकेकाची चौकशी केली. अंबाजी? गेला, गेल्या साली, झोपेतच. तुकाराम? यंत्राची होडी घेतली. केसर? ती बघा, त्या ओट्यावर सगळ्या बायांना दटावतेय, आता तिचाच आवाज चालतो इथं.

"पुण्याला बरं हाय ना, डाक्टर?"

"बरं आहे. माणसं येतात, पैसे देतात, जातात." त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "भांडायला कुणी नाही."

जाताना सवयीने नाडी बघायला त्याने तिचं मनगट हातात घेतलं. बराच वेळ धरलं. दर्याकडे बघत राहिला.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"खोटं बोलाया तुमाला कधीच जमलं न्हाय," मनुबाई म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन चहाचे पेले धुवायला आत गेली.